अण्णांचा उजवा डोळा

जानेवारीतल्या संकष्टीला मी नैवेद्याचं ताट घेऊन गच्चीवर गेले, तर अण्णा आधीच कठड्याला टेकून उभे. चंद्र वर आला होता. त्यांनी हात जोडले आणि अगदी सहज म्हणाले, "आज तीन आहेत. मागच्या खेपेला दोनच होते."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण अण्णा, म्हणजे माझे सासरे, आकड्यांची चेष्टा करत नाहीत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर त्यांनी चाळीस वर्षं दिवाणजी म्हणून काढली. आता वय चौऱ्याहत्तर. तीन म्हणाले म्हणजे तीनच.

"आणि हे तुम्ही महिनाभर सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात? जास्तच दिसतंय की, कमी कुठं दिसतंय!"

दुसऱ्या दिवशी यांनी रजा टाकली आणि अण्णांना मिरजेला नेलं. सांगली-मिरजेकडं कुणाचं काही दुखलं की पाय आपोआप मिरजेकडंच वळतात, दवाखान्यांचं गाव ते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात जास्त. डोळ्यातली लेन्स सगळीकडून सारखी गढूळ होत नाही. कुठं कमी, कुठं जास्त. त्यातून उजेड फुटतो आणि एका चंद्राचे तीन होतात, असं डॉक्टरांनी समजावून सांगितलं. अण्णांना ते फार पटलं. घरी येऊन त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं समजावलं.

मग फोन सुरू झाले. वन्सं म्हणाल्या, पौषात ऑपरेशन करू नका. शेजारच्या काकू म्हणाल्या, थंडी आहे तोवर उरकून घ्या, उन्हाळ्यात डोळा चिघळतो. डॉक्टरांच्या मते पौषाचाही संबंध नव्हता आणि थंडीचाही. लेन्स कुठली घालायची यावर तर घरात दोन दिवस बैठक चालली होती. लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसणारी महागाची घालावी असं यांचं मत. अण्णांनी साधी निवडली. "वाचायला चष्मा लागेल," डॉक्टर म्हणाले. "लागू दे की. चाळीस वर्षं चष्मा आहे. तो काढला तर यार्डातली माणसं ओळखायची नाहीत मला."

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. थेंब टाकून डोळा बधिर केला, पंधरा-वीस मिनिटांत अण्णा बाहेर, दुपारी घरी. आमची परीक्षा सुरू झाली ती घरी आल्यावर.

हातात एक कागद होता आणि दोन बाटल्या. पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, पुढं दर आठवड्याला कमी कमी. एका बाटलीचा थेंब टाकला की दहा मिनिटं थांबायचं, मग दुसरीचा. खालची पापणी हलकेच ओढायची, थेंब आतल्या खाचेत पडला पाहिजे, बाटलीचं तोंड डोळ्याला लागता कामा नये. डोक्यावरून पाणी नाही, वाकायचं नाही, उजव्या कुशीवर झोपायचं नाही. रात्री डोळ्यावर भोकाभोकांची प्लास्टिकची वाटी चिकटपट्टीनं लावायची. ती लावली की अण्णा म्हणायचे, "झाकण बसवलं का? चला, दुकान बंद."

दोन्ही बाटल्या एवढ्याएवढ्याशा, दोन्हींची टोपणं पांढरी. तिसऱ्या दिवशी संक्रांत होती. एकीकडं गुळाच्या पोळ्या, दारात वाण घेऊन आलेल्या बायका, आणि त्या गडबडीत मी एकाच बाटलीचे थेंब दोनदा टाकले. लक्षात आलं तेव्हा हातपाय गार पडले. दवाखान्यात फोन लावला. पलीकडची मुलगी शांतपणे म्हणाली, एखाद्या वेळी झालं तर काही होत नाही, पुढच्या वेळेपासून नीट टाका. अण्णा म्हणाले, "माझ्या खात्यावर जास्तीचं जमा झालं, एवढंच ना!" त्या दिवशी एका बाटलीला मी केसाचं लाल रबर गुंडाळलं. ज्यांच्या घरी हे व्हायचंय त्यांना माझं इतकंच सांगणं आहे, रबर पहिल्या दिवशीच लावा.

संक्रांतीलाच आणखी एक झालं. हलव्याची वाटी पुढं केली तर अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "यंदा हलवा फारच पांढरा केलास गं." हलवा मी दरवर्षीच्याच दुकानातून आणला होता.

खरी अडचण वाचनाची होती. दिवाळी अंक हे अण्णांचं मोठं व्यसन. २०१९च्या महापुरात आमच्या गावभागातल्या घरात पाणी शिरलं, तेव्हा माळ्यावरचे गठ्ठे वाचले आणि कपाटातले तीस वर्षांचे अंक लगदा होऊन गेले. तेव्हापासून ते विकत घेत नाहीत, वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना घेतात. दिवाळीत सगळे चांगल्या अंकांवर तुटून पडलेले असतात, म्हणून यांची खरी दिवाळी जानेवारीत. वहीत यादी असते, वाचून झालेल्या अंकापुढं खूण असते. यंदा यादीतले अकरा बाकी होते आणि डोळा मिटलेला.

वन्संनी फोनवरून हुकूम सोडला होता, "महिनाभर पुस्तकाला हात लावू देऊ नका." चौथ्या दिवशी अण्णा देवघरात बराच वेळ दिसेनात म्हणून डोकावले, तर पंचांगाच्या आड अंक आणि त्यावर भिंग. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "राहुकाळ बघत होतो."

पुढच्या तपासणीला मी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते हसले. म्हणाले, "वाचून डोळा बिघडत नाही हो. पण आजोबा, जुना नंबर आता उपयोगाचा नाही आणि नवा महिन्याभरानं काढायचा. डोळा स्थिर व्हायला हवा. तोपर्यंत कुणाकडून तरी वाचून घ्या." वाटेत अण्णांनी तंतुवाद्यांच्या दुकानांकडं रिक्षा वळवायला लावली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ला भौगोलिक मानांकन मिळाल्याचं त्यांनी पेपरात वाचलं होतं, पण बघायला कधी गेले नव्हते. वाळवून टांगलेले भोपळे बघून त्यांनी विचारलं, कुठून आणता? पंढरपूरकडून, असं कळलं. तेवढ्यावर स्वारी खूश. आत काही शिरलो नाही, लाकडाचा भुसा उडत होता.

त्या दिवसापासून दुपारी चार ते पाच मी वाचायचं ठरलं. सकाळचा पेपर आमच्या दहावीतल्या मुलाकडं. तो इंग्रजी माध्यमातला, त्यामुळे अग्रलेख वाचताना 'वाङ्मय' या शब्दापाशी गाडी अडकायची ती अडकायचीच. "वाड्मय," तो म्हणायचा. "ड नव्हे रे, बाजूला टिंब असलेला ङ," अण्णा डोळा मिटूनच सांगायचे. पेपरातली मराठी सोपी करून मिळावी असं त्याचं म्हणणं होतं. दोघांचं मुख्य एकमत क्रिकेटच्या पानावर व्हायचं.

मला वाटलं होतं, वाचून दाखवणं म्हणजे काय, पान उघडायचं आणि सुरू करायचं. पहिल्याच दिवशी कळलं की अण्णांना क्रम लागतो. आधी राशिभविष्य, सगळ्या घराच्या राशी. मग व्यंगचित्रं. त्यानंतर कथा, लेख सगळ्यात शेवटी, कविता "आवाजात दम असेल तर". आता व्यंगचित्र वाचून कसं दाखवायचं?

"एक माणूस आहे, पोट सुटलेलं. खुर्चीवर चढून फळीवरचा फराळाचा डबा काढतोय. दारात बायको उभी आहे."

"हातात काय?"

"लाटणं."

"भिंतीवर घड्याळ आहे?"

"आहे."

"किती वाजलेत?"

मी अंक डोळ्याजवळ नेऊन बघितलं. तीन वाजले होते. "रात्रीचे तीन!" अण्णा मोठ्यांदा हसले. सगळा विनोद त्या घड्याळात होता आणि तो माझ्या लक्षातच आला नव्हता. तेव्हापासून मी चित्रं आधी नीट बघायला लागले.

कथांची तऱ्हा वेगळीच. एका कथेत दोघं जण पावसात लॉजवर अडकतात. खोलीचं दार लागलं, तशी मी पुढचे दोन परिच्छेद नजरेखालून घातले आणि घसा साफ करून वाचलं, "सकाळी पाऊस थांबला होता."

अण्णा गप्प. मग म्हणाले, "मधली एक नोंद गहाळ दिसते."

मी पदर तोंडावर धरला. सासऱ्यांपुढं ते वाचायची माझी काही छाती नव्हती. "राहू दे," ते म्हणाले, "शिल्लक जुळते ना शेवटी? मग पुढं चल." त्यानंतर अशी जागा आली की मी नुसतं म्हणायचे, "नोंद गहाळ." ते मान हलवायचे. दहा अंकांत पाच नोंदी गहाळ झाल्या.

मी लग्नानंतर वाचणं सोडल्यातच जमा होतं. महिला मासिकातली पाककृती, फार तर देवळात मिळालेलं स्तोत्राचं पुस्तक. आता चारला पाच मिनिटं कमी असली की गॅस बंद करून मी पदराला हात पुसत बाहेर यायला लागले. एकदा यांनी नेमका तेव्हा चहा मागितला, तर अण्णांनीच सांगितलं, "साडेपाचला मिळेल." अण्णा माझी वाट अडवून माहितीही द्यायचे. दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ला का. र. मित्रांच्या 'मनोरंजन'नं झाली, हे मला किमान चार वेळा ऐकायला मिळालं.

दोन आठवडे झाल्यावर काळा चष्मा लावून फिरायला परवानगी होती. गणेश जयंतीची गर्दी मुद्दाम टाळली आणि दोन दिवसांनी संध्याकाळी गणपती मंदिरात जाऊन आलो. तिथून अण्णा घाटाकडं वळले. आयर्विन पूल समोरच. १९२९चा पूल, आणि सांगलीकरांसाठी तो नुसता पूल नाही. पावसाळ्यात अख्खं गाव त्याच्याकडं घड्याळासारखं बघत असतं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. आता जानेवारीत कृष्णा खाली तळाशी, आणि पाण्याच्या पातळीचे आकडे वर उघडे. अण्णांनी काळा चष्मा कपाळावर सरकवला, डावा डोळा तळहातानं झाकला आणि वाचायला लागले. एक एक आकडा, खालून वर. पंचेचाळीसच्या पुढं गेल्यावर आवाज बारीक झाला. मी मध्ये बोलले नाही. परत येताना त्यांनी भडंग घेतलं आणि तिखट कमी आहे म्हणून वाटभर कुरकुर केली.

त्यांना जायचं होतं यार्डात. तिथं मी ठाम नाही म्हणाले. हळदीच्या पोत्यांची धूळ, हमालांची वर्दळ, आणि डोळा अजून कच्चा. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. चारचं वाचनही "आज नको" म्हणून बंद. शेवटी यांनी पेढीवरच्या जुन्या मित्राला फोन केला. रविवारी ते काका कागदाच्या पुडीतून मूठभर राजापुरी हळकुंडं घेऊन आले.

अण्णा ओट्यावर उन्हात बसले. हळकुंड हातात घेतलं, बोटांनी वजन तोललं, मग दोन्ही अंगठे लावून मधोमध मोडलं. टक्‌ असा आवाज झाला. मोडलेलं तोंड डोळ्यासमोर धरून आधी उजवा डोळा मिटला, मग डावा. पुन्हा उजवा. पुन्हा डावा. काका चहा प्यायचे थांबले.

"डाव्यानं बघितलं तर मागच्या सालचा माल वाटतोय," अण्णा म्हणाले, "उजव्यानं बघितलं तर यंदाचा."

"एकच आहे की," काका म्हणाले.

"तेच म्हणतो मी." अण्णांनी हळकुंड खाली ठेवलं. थोड्या वेळानं काकांकडं न बघता म्हणाले, "तीन वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, सांगलीच्या हळदीला आता पहिला रंग राहिला नाही. शेतकऱ्यांना नावं ठेवली. खतांना ठेवली. तुमच्या पेढीलासुद्धा ठेवली."

काका म्हणाले, "आम्हालाही वाईट वाटायचं. पण म्हटलं, अण्णा म्हणतायत म्हणजे असेल."

मग दोघंही हसायला लागले, आणि काका गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "चार वाजले का गं?"

फेब्रुवारीची संकष्टी आली तेव्हा थेंब दिवसातून दोनदावर आले होते आणि यादीतला एकच अंक उरला होता. चष्म्याच्या नंबराला पुढच्या आठवड्यात बोलावलंय. गच्चीवर मी, हे, मुलगा, सगळेच गेलो. चंद्रावर ढगाची चिरगुटं होती, ती सरेपर्यंत दहा मिनिटं गेली. अण्णांनी डावा डोळा झाकला.

"एक."

मग उजवा झाकला. वेळ लागला.

"इकडं अजून तीनच आहेत." हात खाली घेऊन त्यांनी नमस्कार केला. "डाव्याचं चैत्रात करू. पण आधी वाचनालयात विचारून ये, उन्हाळ्याचे विशेषांक कधी येतात ते."