धार येते, तरी इंजिन तापतं

जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावलेलं इंजिन, तापायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला: इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, बदला. बऱ्याचदा तो बरोबरही निघतो. पण नवा इम्पेलर टाकून, गिअरबॉक्स परत चढवून होडी खाडीत उतरवली आणि दहा मिनिटांत हेडला, म्हणजे सिलिंडरच्या डोक्याला, हात लावता येईना, हेही तितकंच नेहमीचं. म्हणून पाना हातात घेण्याआधी एवढंच बघा, की इंजिन नक्की केव्हा तापतं. हळू चालताना, की फुल थ्रॉटलला? निघाल्यावर लगेच, की अर्ध्या तासाने?

हे सगळं कोकणातल्या होड्यांवर दिसणाऱ्या दोन सिलिंडरच्या, कार्बोरेटरवाल्या टू-स्ट्रोक इंजिनांना धरून आहे, साधारण २५ ते ४० हॉर्सपॉवरच्या.

हळू चालताना तापतं आणि वेग घेतला की थंड होतं, तर पंपावर संशय घ्या. इम्पेलरच्या रबरी पाती कपाच्या, म्हणजे पंपाच्या गोल घराच्या, भिंतीला घासून पाणी वर ढकलतात. पाती झिजल्या किंवा वाकून तशाच राहिल्या, की कमी आरपीएमला पाणी त्यांच्या कडेने मागे सरकतं. वेग वाढला की तोच पंप नुसत्या फिरण्याच्या जोरावर काम भागवतो, म्हणून दोष लपतो. उलट, हळू चालताना ठीक आणि थ्रॉटल दिला की तापतं, तर इम्पेलर शेवटी बघा. आधी पाणी आत घेणारी जाळी, मग इंजिनाची उंची, मग हेडमधला खार, मग कार्बोरेटर. दोन्ही वेळा तापत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी सोडणारी झडप, बंद अवस्थेत अडकलेला असण्याची शक्यता मोठी.

मागून पडणाऱ्या पाण्याच्या धारेवर लोक फार विसंबतात. धार एवढंच सांगते की पंप पाणी वर पोचवतोय. ते पाणी सिलिंडरभोवती पुरेसं फिरतंय का, हे ती सांगत नाही. थर्मोस्टॅट बंद असतानाही धार छान पडू शकते. उलटही होतं: इंजिन थंडगार असतं आणि धारेचं भोक वाळूने नाहीतर कुंभारमाशीच्या मातीने बुजलेलं असतं. इंजिन बंद करून त्यात जाड तंगुसाचा (नायलॉनच्या दोऱ्याचा) तुकडा घाला, तार नको. तारेने आतली प्लॅस्टिकची तोटी फुटते. धारेखाली हात धरा. कोमट पाणी ठीक. चटका बसत असेल किंवा धारेत वाफ आणि बुडबुडे दिसत असतील, तर तिथेच थांबा.

हेड मोजायचा खरा उपाय म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर. दोन्ही सिलिंडरच्या हेडवर, प्लगच्या शेजारी, पाण्यात लोड घेऊन चालताना मोजा. ५० ते ६५ अंश सेल्सिअस असेल तर निवांत राहा, ८० च्या वर गेलं तर घरी चला. वरचा सिलिंडर खालच्यापेक्षा बराच गरम लागत असेल, तर पाणी कमी पडतंय असं समजा. पाणी खालून वर चढतं, त्यामुळे हवा आणि वाफ वरच्या टोकाला अडकते आणि पहिला मार वरच्या पिस्टनला बसतो. थर्मामीटर नसेल तर पाण्याचा थेंब टाका. थेंब चुर्र करून उडाला, तर हेड शंभरच्या वर गेलंय.

आता पंप. तो गिअरबॉक्सच्या डोक्यावर असतो, म्हणून आधी गिअरबॉक्स उतरवायचा. प्लगच्या वायरी काढा, गिअर न्यूट्रलला टाका. ट्रिम टॅब, म्हणजे पंख्याच्या वरची ती छोटी शेपटी, काढण्याआधी तिची जागा खिळ्याने ओरखडून ठेवा. काही मॉडेलांत एक बोल्ट तिच्याखाली लपलेला असतो आणि तो न काढता गिअरबॉक्स ओढणारे लोक कास्टिंग फोडतात. गिअरच्या सळईचा जोड सोडवताना किती आटे आत होते ते मोजा, नाहीतर नंतर रिव्हर्स लागणार नाही. खाऱ्या पाण्यातले बोल्ट सहसा सरळ येत नाहीत. आदल्या रात्री गंजतेल मारा, सकाळी गॅसच्या टॉर्चने बोल्टभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम तापवा आणि पाना पुढेमागे थोडा थोडा हलवा. जोर करून तुटलेला बोल्ट काढण्यात अख्खा दिवस जातो.

पंपाचं झाकण उघडलं की आधी पाती मोजा. एखादी कमी असेल, तर तिचा तुकडा वर कुठेतरी आहेच: तांब्याच्या पाण्याच्या नळीत, नाहीतर हेडच्या तोंडाशी. तो शोधल्याशिवाय इंजिन जोडू नका, कारण नवा इम्पेलर कितीही चांगला असला तरी ते बूच तिथेच राहतं. मग कप आणि खालची स्टीलची प्लेट यांवर नख फिरवा. नखाला चर लागले, तर तेही बदला. इथेच पैसे वाचवायला जातात आणि इथेच फसतात. उथळ खाडीत, सुकतीच्या (ओहोटीच्या) वेळी पंखा वाळू उडवतो, ती वाळू कपात गोल फिरते आणि स्टीलवर रिंगा पडतात. त्या रिंगांवर नवं रबर कधीच नीट बसत नाही. इम्पेलरला शाफ्टवर धरणारी चावी, खालचं पॅकिंग आणि नळीच्या तोंडाचं रबर सील, हेही नवंच घ्या.

बसवताना पातींना साबणाचं पाणी लावा. ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे इंजिनापासून खाली गिअरबॉक्सात जाणारा दांडा, वरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवत कप खाली दाबा, म्हणजे पाती योग्य बाजूला दुमडतात. शाफ्टच्या स्प्लाइनला, म्हणजे उभ्या दातांना, ग्रीस हवं, पण टोकावर नको. वर ग्रीसचा गोळा दबला तर शाफ्ट पूर्ण बसत नाही. गिअरबॉक्स चढवताना तांब्याची नळी सीलमध्ये शिरली का ते बॅटरी मारून बघा. ती बाजूला सरकली, तर पंप बिनचूक असूनही सगळं पाणी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या खांबात सांडतं.

गिअरबॉक्स खाली आहे तोवर एक चाचणी करून घ्या. बागेचा पाईप त्या तांब्याच्या नळीला लावा आणि नळ सोडा. थर्मोस्टॅट काढलेला असेल, तर त्याच्या भोकातून पाणी भसाभस यायला हवं. नुसतं पाझरत असेल, तर दोष पंपात नाही, वर आहे.

थर्मोस्टॅट हेडच्या वरच्या टोकाला, दोन-तीन बोल्टच्या झाकणाखाली असतो. किती अंशाला उघडतो ते त्याच्यावर कोरलेलं असतं; खाऱ्या पाण्यातल्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये आकडा बहुतेक ५० च्या आसपास असतो. त्याच्या झडपेत दोरा अडकवून तो पातेल्यात टांगा, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी मंद आचेवर तापवा. कोरलेल्या आकड्याच्या जवळ थर्मोस्टॅट दोऱ्यावरून सुटून खाली पडला पाहिजे. उकळी येईपर्यंत लटकलेलाच राहिला, तर फेकून द्या. तो काढून तसंच चालवायची पद्धत बंदरोबंदरी आहे. घरी पोचण्यापुरतं ठीक, कायमचं नको. थंड इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, प्लगवर कांजळी धरते, आणि काही मॉडेलांत पाण्याची वाटच बदलून वरचा सिलिंडर आणखी कोरडा पडतो.

पाण्याच्या वाटेत साचलेला खार हा जुन्या इंजिनाचा खरा आजार. मासेमारीबंदीचे दोन महिने, १ जून ते ३१ जुलै, इंजिन गोड्या पाण्याने न धुता पडवीत आडवं टाकलेलं असतं. आतलं पाणी सुकतं आणि मीठ, चुना नि अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा गंज मिळून दगड होतो. इम्पेलरच्या पातीही त्याच दोन महिन्यांत वाकलेल्या जागी कडक होतात. हेडचं झाकण उघडून लाकडी काडीने खरवडा. उरलेल्यावर व्हिनेगर कोमट करून ओता, अर्धा तास ठेवा, धुवा, पुन्हा ओता. बाथरूम साफ करायचं अ‍ॅसिड वापरू नका; ते खाराआधी अ‍ॅल्युमिनियम खातं. हेड उघडलंच आहे तर पॅकिंग नवं घाला आणि हेडवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं माप, सरकवा. ०.१ मिलिमीटरचं पान आत शिरलं, तर हेड वाकलंय. काचेवर ४०० नंबरचा पाणी पेपर ठेवून, इंग्रजी आठच्या आकड्यात घासून ते सपाट करता येतं.

पाणी सगळीकडे पोचत असूनही इंजिन तापत असेल, तर पेट्रोल कमी मिळतंय का बघा. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की ज्वलन तापतं. मेन जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, अर्धवट बुजला की नेमकं फुल थ्रॉटललाच हे होतं, आणि प्लगचं चिनीमातीचं टोक तपकिरीऐवजी पांढरं दिसतं. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने यात भर घातली आहे. नुसत्या पेट्रोलला जळायला वजनाच्या १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला सुमारे १३.५ पट. जेट तेवढाच राहिला, तर मिश्रण साधारण आठ टक्क्यांनी कोरडं पडतं. जेट साफ करूनही प्लग पांढरे राहिले, तर एक नंबर मोठा जेट टाकून बघा. ऑइल जास्त घातलं की इंजिन थंड राहतं हा समज तर उलटाच पडतो: त्याच जेटमधून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल तेवढं कमी जातं. ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली, २५ लिटरच्या कॅनला ५०० मिली, आणि तेही टीसी-डब्ल्यू३ मार्काचं, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं. स्कूटरचं टू-टी यात नको.

उंचीचं थोडक्यात: पंख्यावरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या बरोबरीने किंवा २५ मिलिमीटरपर्यंत खाली हवी. तळाच्या वर गेली, तर वळताना जाळी हवा ओढते.

दर्यात तापलंच, तर थ्रॉटल खाली आणा, न्यूट्रल करा आणि धार बघा. धार नसेल तर लगेच बंद करा, नांगर टाका, इंजिन वर उचला आणि जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी आहे का ते बघा. पावसाळ्यानंतर ती असतेच. गरम हेडवर पाणी ओतू नका, हेड वाकतं. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचं जड चाक, हाताने फिरत नसेल, तर दोरी ओढत बसू नका. प्लग काढून प्रत्येक भोकात दोन चमचे ऑइल घाला आणि अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग सुटलं, तर धीम्या वेगाने परत या. धक्क्याला लागल्यावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा: दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसला, तर पिस्टन खरवडला आहे आणि आता काम पंपाचं राहिलेलं नाही.

इंजिन बरं झालं, तरी रोज परतल्यावर पंखा काढून ते गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये दहा मिनिटं न्यूट्रलला चालवा. पाणी आडव्या प्लेटच्या वर हवं. दोन मिनिटांत बंद केलं, तर थर्मोस्टॅट उघडतच नाही आणि हेडमधलं खारं पाणी तसंच राहतं. नंतर इंजिन उभंच ठेवा, म्हणजे राहिलेलं पाणी आपोआप खाली उतरतं.