तीन तास बेचाळीस मिनिटे

दुपारी पाणी प्यायला उठलो, तेव्हा भाचीच्या टेबलावर वह्यांच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवलेल्या फोनकडे लक्ष गेले. कॉल चालू होता, कालावधीचे आकडे ३ तास ४२ मिनिटांवर पोहोचले होते आणि पलीकडून ऐकू येत होती ती फक्त पेनाची कुरकुर आणि मधूनच एखादे पान उलटल्याची सळसळ. फोन ठेवायचा राहिला असेल असे वाटून मी हात पुढे केला, तर ती मान वर न करताच म्हणाली, "राहू दे, मामा. ती आहे."

ही 'ती' दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा ऑनलाइन खेळात भेटली. दोघी पंधरा वर्षांच्या आहेत आणि अजून एकदाही समोरासमोर आलेल्या नाहीत. फोनवर दोन सेकंद शांतता झाली, तरी मला "हॅलो, ऐकू येतंय ना?" असे विचारल्यावाचून राहवत नाही, या मुली मात्र चार-चार तास एकमेकींचे न बोलणे ऐकत बसतात.

लहानपणी शेजारचा मित्र आणि मी जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वाचत असू. तो त्याचे पुस्तक, मी माझे. तो माझ्याहून एक पायरी खाली बसे आणि त्याच्या पानावर माझ्या गुडघ्याची सावली पडली, की काही न बोलता माझा पाय बाजूला ढकली. इतका वेळ काय बोलत होतात, असे घरी कुणी विचारले तर सांगण्यासारखे काहीच नसे. लहान मुलांच्या अशा शेजारी बसून आपापले खेळण्याला मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने १९३२ साली 'समांतर खेळ' म्हटले होते. तिने पाहिलेली मुले अगदीच चिमुकली होती, पण ते वय पुढेही फारसे ओसरत नसावे, असे आपले मला वाटते.

स्नॅपचॅट या फोटो पाठवायच्या ॲपवर, दोघांनी रोज एकमेकांना फोटो पाठवले की नावापुढे पेटणारी ती ज्योत मात्र मला मुळीच रुचत नाही. चोवीस तासांत दोघांपैकी एकानेही पाठवायचे चुकवले की ती विझते, म्हणून भाची कधी कपाळाचा, कधी छताचा फोटो पाठवून ती तेवत ठेवते. हा हजेरीपट झाला. त्यात सोबत कुठे आली?

मागे एकदा 'ती' आठ दिवस गायब झाली. "तिच्या घरी विचार की," असे मी सहज म्हणालो, तेव्हा भाचीला तिचे घर तर सोडाच, आडनावही ठाऊक नसल्याचे कळले. शिंक येण्याआधी ती श्वास कसा ओढून घेते, हे मात्र तिला माहीत होते. नवव्या दिवशी समजले, की तिचा फोन बिघडला होता.

आज भाची कशालातरी उठून बाहेर गेली आणि टेबलापाशी मी एकटाच उरलो. कुरकुर थांबली. थोड्या वेळाने पलीकडून हळूच आवाज आला, "आहेस ना?" काय बोलावे ते मला सुचेना. जवळच पडलेल्या पुस्तकाचे एक पान मी जरा मोठ्यानेच उलटले. कुरकुर पुन्हा सुरू झाली.