गाडीची कुंची

आमच्या गाडीच्या कव्हरला आई कुंची म्हणते. पहिल्यांदा ते घालून कडेचं इलॅस्टिक मी बंपरखाली सारखं करत होतो, तर ओट्यावरून म्हणाली, "काजळाचा ठिपका बी लाव की, दृष्ट लागंल." तेव्हापासून घरातून कव्हर हा शब्दच गेला.

लातुरात गाडी उघडी ठेवायची सोय नाही. उन्हाळाभर फुफाटा, मिरगाच्या आसपास पिकल्या लिंबोळ्या, आणि लिंबावर बसणाऱ्या पाखरांचा प्रसाद बारा महिने. हे सगळं कुंची अंगावर घेते. वर्षाअखेर तिचा रुपेरी रंग मातीचा होतो.

पहिली कुंची मी वॉशिंग मशीनमध्ये घालून मारली. मारली हाच शब्द. ज्या कापडातून पाणी आत येऊ नये म्हणून पैसे मोजले, त्यातून ते बाहेर तरी कसं जाणार? पिळायच्या फेरीत पखालीसारखं पाणी पोटात धरून ती एका अंगाला बसली आणि मशीन धडधडत न्हाणीच्या दारापर्यंत चालत आली. बाहेर काढली तर शिवणी उसवलेल्या, मागचा लेप सापाच्या कातीसारखा सुटलेला.

दुसरी घेतली तेव्हा आईनं कारभार हातात घेतला. घट बसायच्या आधी आमच्याकडं घरातल्या झाडून सगळ्या वाकळा धुवायला निघतात. पूर्वी बैलगाडीनं मांजरेवर जायच्या, आता गच्चीवर. त्या ढिगात कुंचीही गेली.

मी बादली उचलली तर ओरडली, "आधी झटक! मातीवर पाणी घातल्यावर चिखल हुतंय, एवढं बी कळंना का?" दोघांनी चार कोपरे धरून झटकली. वारा माझ्याकडं होता. मग तिनं ती उलटी अंथरली, आतली मऊ, पांढरी बाजू वर. मला हे पटेना. मळ तर बाहेरून. पण गाडीच्या रंगाला टेकते ती हीच बाजू. हिच्यात बारीक खडा राहिला आणि वारं सुटलं, की रात्रभर कुंची पॉलिश पेपरसारखी घासत बसते. माझ्या बॉनेटवरचे ते गोल गोल ओरखडे कुणा पोराचे नव्हते तर. (गल्लीतल्या दोघांना मी उगाच दटावलं होतं.) धुळकट गाडीवर धुतलेली कुंची घातली तरी तेच होतं. आईनं ती बाजू तळहातानं चाचपत धुतली, तांदळातले खडे बघावेत तशी.

साबण नाही, रात्री भिजवलेल्या रिठ्यांचं पाणी. आमचं बोअरचं पाणी इतकं जड, की साबणाचा फेस कमी आणि साका जास्त. वाळल्यावर पांढरे डाग. रिठा त्या पाण्यातही फेसाळतो. कपडे मऊ करायचं ते निळं औषध मी आणलं होतं, ते तिनं हुंगून बाजूला ठेवलं. बरंच झालं, त्यानं कापडाचा पाणी झटकायचा गुण जातो. पाखरांच्या डागांवर ओलं फडकं टाकून "फुगू दे" म्हणाली. मला दम निघेना. एक डाग मी ब्रशनं खसाखसा घासला. डाग गेला. तळहाताएवढ्या त्या जागेतून आता पाणी झिरपतं.

पाणी मोजून चार बादल्या. 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, तेव्हापासून आई खळखळलेलं पाणी सांडू देत नाही. त्यानं जिना धुऊन झाला. पिळायला गेलो तर परत ओरडा. "वाकळ कधी पिळतेत का?" तशीच ठिबकत दोरीवर, सावलीला. वरून दुपारीच वाळली, पण इलॅस्टिकची दुमड दुसऱ्या दिवसापर्यंत ओली होती. तशीच घडी घातली असती तर बुरशीचा वास धरला असता.

दसऱ्याच्या आत शेतातून भावाचा फोन. सोयाबीनची बनीम (कापलेल्या पिकाची गंजी) लावलेली, आभाळ भरून आलेलं, ताडपत्री कमी पडायली. मी किल्ली शोधेपर्यंत आईनं कुंचीची घडी काखेत मारली होती.

"अगं, ती एका जागी गळतीय," मी म्हणालो.

"ती जागा खाली दाब," म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.