आमची वाटचाल: आधी निदान, मग पाना

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीजवळ आमचं पॉवर स्टेअरिंग दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. मी आधी सातपूरला एका कारखान्यात हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला होतो आणि धाकटा भाऊ गॅरेजमध्ये गाड्यांची कामं करायचा. 2003 च्या सिंहस्थानंतर आम्ही दोघांनी मिळून भाड्याच्या गाळ्यात सुरुवात केली. तेव्हा येणाऱ्या बहुतेक गाड्या बोलेरो, सुमो, क्वालिस अशा, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा पंप आणि तेलाच्या दाबावर हलकं होणारं स्टेअरिंग. पंप, पाईप, सील, व्हॉल्व्ह या वस्तूंशी माझी रोजची ओळख होती. गाडी नवीन होती, ती भावाने शिकवली.

स्टेअरिंग जड झालं की रॅकच, म्हणजे स्टेअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळवणारा दांड्याचा भागच, बदलायला सांगायचं, अशी पद्धत बऱ्याच ठिकाणी होती. लासलगावकडून कांदा वाहणारा पिकअपवाला असो की ओझरचा द्राक्ष बागायतदार, रॅकचा खर्च ऐकून तो गप्प व्हायचा. त्यामुळे दाब मोजल्याशिवाय कुठलाही पार्ट सांगायचा नाही, हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं. त्यासाठी प्रेशर गेज आणि बंद-चालू करायचा कॉक घेतला. हे दोन्ही पंप आणि रॅकच्या मधल्या पाईपात बसवायचे, इंजिन चालू करायचं आणि कॉक जेमतेम दोन-चार सेकंद बंद करायचा. जास्त वेळ धरला तर पंपच खराब होतो. काटा कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत चढला तर पंप ठणठणीत आहे. मग कॉक उघडून स्टेअरिंग शेवटपर्यंत वळवायचं. आता दाब तेवढा चढत नसेल, तर तेल रॅकच्या आतल्या सीलमधून निसटतंय. आणि कॉक बंद असतानाच काटा चढला नाही, तर दोष पंपाचा किंवा सैल पट्ट्याचा. एवढ्या एका तपासणीने कितीतरी लोकांचा रॅक वाचला.

गेजच्याही आधी एक साधी गोष्ट आम्ही बघतो. टायरमधली हवा तपासायची आणि पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग फिरवायचं. चाकं हवेत असूनही ते अडकत असेल, तर तेलाचा काही संबंध नाही. बॉल जॉइंट सुकलाय, सस्पेन्शनच्या वरचं बेअरिंग गेलंय, नाहीतर स्टेअरिंग कॉलमचा जॉइंट गंजलाय. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वर, इगतपुरीकडच्या गाड्यांत हा गंज हमखास सापडतो.

आवाजाचंही तसंच. वळवताना घूं-घूं ऐकू आलं की आधी स्टेअरिंगच्या तेलाच्या टाकीत बघायचं. तेल कमी असेल किंवा त्यावर फेस असेल, तर पाईपात हवा शिरली आहे. नुसतं तेल भरून भागत नाही. गळती शोधायची, मग चाकं उचलून स्टेअरिंग हळूहळू दोन्ही टोकांना नेत हवा काढायची. तेल काळपट होऊन जळका वास येत असेल, तर ते पूर्ण बदलायचं. आणि टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत जे तेल लिहिलंय तेच घालायचं. ब्रेक ऑइल घातलेल्या गाड्याही आमच्याकडे आल्या आहेत. त्याने सील फुगतात आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

रॅक उघडायची वेळ आलीच, तर आम्ही गिऱ्हाइकाला समोर बोलावतो. दोन्ही टोकांचे रबरी बूट फाटले की चिखल-पाणी आत जातं, दांड्यावर गंजाचे खड्डे पडतात आणि ते खड्डे सीलची कड कापतात. अशा दांड्यावर नवीन सील टाकलं तरी थोड्याच दिवसांत गळती परत. म्हणून गंजलेला दांडा असेल तिथे नुसतं सील किट घालून पैसे घ्यायला आम्ही नकार देतो. बूट ही मामुली किमतीची वस्तू आहे, ती वेळेवर बदला, हे येणाऱ्या प्रत्येकाला मी तळमळीने सांगतो.

पुढे छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक स्टेअरिंग आलं. तेल गेलं, पंप गेला. मोटर, स्टेअरिंगवर हाताचा किती जोर पडतोय ते मोजणारा टॉर्क सेन्सर आणि त्यावरून मोटर चालवणारं कंट्रोल युनिट आलं. हा आमच्यासाठी खरा कसोटीचा काळ होता. भावाने वायरिंग आणि स्कॅनरचं, म्हणजे कंट्रोल युनिटमधले दोष वाचणाऱ्या यंत्राचं, शिक्षण घेतलं, सातपूरच्या आयटीआयतून शिकलेली मुलं आम्ही सोबत घेतली आणि पत्नीने हिशोब सांभाळत प्रत्येक गाडीची नोंदवही सुरू केली. तीच वही आज आमची खरी पुंजी आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागला म्हणजे मोटर गेली असं नाही. गाडी उभी असताना चाकं वळवताना ही मोटर बॅटरीतून भरपूर करंट ओढते. बॅटरी थकलेली, टर्मिनल सैल किंवा अर्थिंगची जागा गंजलेली असेल, तर व्होल्टेज खाली येतं आणि युनिट मदत कमी करतं किंवा थांबवतं. त्यामुळे स्कॅनर लावण्याआधी व्होल्टेज मोजायचा मीटर लावायचा, हा आमच्याकडचा नियम आहे. टॉर्क सेन्सरचंच काम निघालं, तर दुरुस्तीनंतर स्टेअरिंग सरळ धरून सेन्सरला मध्य नव्याने शिकवावा लागतो. नाहीतर गाडी आपोआप एका बाजूला ओढते.

एक विनंती मात्र मनापासून. कसारा किंवा सापुतारा घाट उतरताना डिझेल वाचवायला इंजिन बंद करू नका. पॉवर स्टेअरिंगची मदत जाते, ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरची मदतही पेडल दोन-चारदा दाबलं की संपते आणि चावी काढली तर स्टेअरिंग लॉक होतं. वळणावर ते जड स्टेअरिंग ओढायला वेळच मिळत नाही. दोन पैशांच्या डिझेलसाठी घरच्या माणसांना धोक्यात घालू नका, दादा.

सध्या रॅक गाडीतून काढल्यावरही दाबाखाली तपासता यावा म्हणून टेस्ट बेंच बसवतोय. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे घेतो आणि दोष आमच्या कामाबाहेरचा निघाला, तर कोणाकडे जायचं तेही सांगतो. येताना एवढं आठवून या: स्टेअरिंग थंड गाडीत जड असतं की तापल्यावर, एका बाजूला की दोन्हीकडे, आणि बॅटरी शेवटची कधी बदलली.