ग्रॉग : आरमारातून आलेला शब्द

इंग्रजीत दारूला जी अनेक नावे आहेत, त्यांतले 'ग्रॉग' मला सर्वांत रंजक वाटते, कारण ते एका माणसाच्या कपड्यांवरून पडले असे मानले जाते. ब्रिटिश आरमाराचा ॲडमिरल एडवर्ड व्हर्नन ग्रोग्रॅम नावाच्या जाड्याभरड्या कापडाचा झगा वापरत असे, म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणत. रोज मिळणारी अर्धा पाइंट रम खलाशी एका दमात पिऊन झिंगतात, हे पाहून त्याने 1740 मध्ये आज्ञा काढली की, रमच्या चौपट पाणी मिसळून ते मिश्रण दिवसातून दोनदा वाटावे. खलाशांनी त्या पाणचट पेयालाही त्याचेच नाव चिकटवले. (वॉशिंग्टन घराण्याच्या माउंट व्हर्नन या वास्तूचे नावही याच ॲडमिरलवरून आले, पण तो मान निदान सरळ होता.)

ब्रिटिश आरमारातले रमचे वाटप 31 जुलै 1970 रोजी थांबले, तरी शब्द टिकला आणि त्याचा अर्थ पसरत गेला. ऑस्ट्रेलियात बोलीभाषेत कोणत्याही दारूला ग्रॉग म्हणतात, तर जर्मनीत गरम पाणी व साखर घातलेल्या रमला. फिजीत मात्र ग्रॉग म्हणजे यांगोना, अर्थात कावा. वनस्पतीच्या मुळांपासून केलेल्या या पेयात मद्यार्क मुळीच नसतो. ठोसे खाऊन झोकांड्या देणाऱ्या मुष्टियोद्ध्याला किंवा अर्धवट झोपेतून उठलेल्या माणसाला लावले जाणारे 'ग्रॉगी' हे विशेषण याच शब्दापासून झाले असून, ते वापरताना आज कोणाला रम आठवत असेल असे वाटत नाही.