टॅलीवाल्यांसाठी: नवीन लॅपटॉपच्या एफ कीज वठणीवर आणल्या, माझा अनुभव

टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिवसभर एंट्री मारणाऱ्याला कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या एफ कीजचं महत्त्व सांगायला नको. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, सगळं बोटांना पाठ, डोळे बिलावर आणि हात आपोआप चालू. मी इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांचे आणि काही सूत व्यापाऱ्यांचे अकाउंट्स घरून बघते. नवीन लॅपटॉप आला आणि एफ८ दाबलं तर सेल्स व्हाउचर उघडायच्या ऐवजी आवाज वाढला, एफ७ ला कमी झाला, एफ६ ला बंदच. दरवेळी खालची एफएन की धरून दाबायचं म्हटलं तर डावा हात बिलांच्या गठ्ठ्यावरून उचलावा लागतो, मग बिल हलतं, ओळ चुकते, आणि जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, ११ तारीख तोंडावर असली की जीव अगदी मेटाकुटीला येतो.

आधी एफएन आणि एस्केप एकत्र दाबून बघा. बऱ्याच लॅपटॉपवर एस्केपवर छोटं कुलूप काढलेलं असतं, तिथे एवढ्यावरच काम होतं. माझ्यावर ते कुलूप नव्हतं. मग मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून एफएन बदलता येईल का ते बघितलं, पण एफएन बदलायच्या फंदात पडूच नका, कारण ती की बहुतेक लॅपटॉपवर विंडोजपर्यंत पोचतच नाही, कीबोर्डच्या आतल्या आतच तिचा निकाल लागतो, त्यामुळे वरून कुठलंही सॉफ्टवेअर टाकलं तरी त्याला ती दिसत नाही.

खरा उपाय बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये. आत जायला चालू होताना एफ२, एफ१० की डिलीट दाबायचं हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि आता लॅपटॉप इतक्या पटकन चालू होतात की ती वेळ साधतच नाही. त्यापेक्षा शिफ्ट धरून रीस्टार्टवर क्लिक करा, निळी स्क्रीन येते, त्यात ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज. आत गेल्यावर सेटिंगचं नाव कुठे ॲक्शन कीज मोड, कुठे हॉटकी मोड, कुठे फंक्शन की बिहेवियर असं असतं. ॲक्शन कीज किंवा हॉटकी असेल तर ते डिसेबल करायचं म्हणजे एफ कीज सरळ चालतात. बाकी कशाला हात लावू नका, सेव्ह करून बाहेर या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून हाताशी ठेवा, मी ठेवली होती, लागली नाही, पण ती नसताना बायोसमध्ये शिरणं मला तरी पटत नाही.

टॅली सुरळीत झालं, पण एक्सेलचा त्रास राहिलाच होता आणि तो जुन्या मशीनवरही होता. सेल एडिट करायला एफ२ दाबायला जावं तर बोट एफ१ वर पडतं आणि हेल्प उघडते, नेट स्लो असेल तर ती कोरी पट्टी तशीच गोल फिरत बसते. दुसरं, टॅलीच्या सवयीने एक्सेलमध्ये एफ८ दाबलं जातं आणि खाली एक्स्टेंड सिलेक्शन लागतं, मग बाण दाबला की सेल सरकायच्या ऐवजी रंगत जातात.

पॉवरटॉइजमधल्या कीबोर्ड मॅनेजरने एफ१ बंद करता येते, पण एकटी की बदलली की ती सगळ्याच प्रोग्रॅममध्ये बदलते, एका ॲपपुरतं बदलायची सोय फक्त दोन-तीन कीज एकत्र दाबायच्या शॉर्टकटला आहे. आणि टॅलीप्राइममध्ये एफ१ लागते हो, सेटिंग्ज तिच्यातूनच उघडतात. म्हणून ऑटोहॉटकी हे कीजना हवं ते काम लावणारं सॉफ्टवेअर घेतलं. फुकट आहे, साध्या नोटपॅडमध्ये चार ओळी लिहायच्या, त्यालाच स्क्रिप्ट म्हणतात. पुढची खिडकी एक्सेलची असेल तरच एफ१ ने एफ२ चं काम करायचं, नाहीतर ती आहे तशीच राहू दे. नेटवर जुन्या व्हर्जनच्या स्क्रिप्ट भरपूर सापडतात, त्या व्हर्जन २ वर चालत नाहीत, हे बघूनच कॉपी करा.

एफ८ नुसती बंद करण्यापेक्षा तिला कामाला लावलं. मला दिवसभर फॉर्म्युले काढून नुसत्या व्हॅल्यू पेस्ट करायच्या असतात, तर एक्सेलमध्ये एफ८ दाबलं की कंट्रोल-ऑल्ट-व्ही, मग व्ही, मग एंटर असं एकामागोमाग जातं. सुरुवातीला चालेना, कारण पेस्ट स्पेशलची चौकट उघडायच्या आतच व्ही येऊन पडत होता. मध्ये २०० मिलीसेकंदांचा स्लीप, म्हणजे थांबा, टाकला आणि बसलं बरोबर. एक लक्षात ठेवा, हे एक्सेलमधूनच कॉपी केलेल्या सेल्सना लागू आहे. बँकेच्या साइटवरून कॉपी केलेलं असेल तर चौकट वेगळी येते, तिथे हे चालत नाही.

स्क्रिप्टचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकला की लॉगिन केल्यावर ती आपोआप चालू होते. विंडोज-आर दाबून शेल:स्टार्टअप लिहिलं की तो फोल्डर उघडतो. एखादा प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू असेल तर त्यात साधी स्क्रिप्ट चालत नाही, स्क्रिप्टही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच लावावी लागते.

वेगळा यूएसबी कीबोर्ड जोडणाऱ्यांसाठी एवढं सांगते: बायोसचं सेटिंग फक्त लॅपटॉपच्या अंगच्या कीबोर्डला लागतं, स्क्रिप्ट मात्र दोन्हीवर चालते. आणि क्लायंटच्या ऑफिसात बसून काम करत असाल तर त्यांच्या मशीनवर यातलं काहीही त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, कीज बदलणारी सॉफ्टवेअर अँटीव्हायरसला कधीकधी संशयास्पद वाटतात.