थार रॉक्स: घ्यायची का, आणि घ्यायची तर कोणती

२५ सप्टेंबर २०२४, बुधवार

महिंद्राच्या पाच दारांच्या थार रॉक्सची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, तिच्या किमती आज आल्या. १८.७९ लाखांपासून सुरुवात, तीही एक्स-शोरूम. ऑगस्टमध्ये गाडी आली तेव्हा सगळीकडे १२.९९ लाख हाच आकडा झळकत होता. तो होता पेट्रोल इंजिनाच्या, मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या सर्वांत खालच्या मॉडेलचा. फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये मिळणार, ही गोष्ट त्या गलबल्यात मागे पडली. माझ्यासाठी तर तीच मुख्य होती, म्हणून महिनाभर थांबलो होतो.

जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो. एमएक्स५ हे मधलं मॉडेल, डिझेल, मॅन्युअल गिअर, मागच्या चाकांवरची १६.९९ लाख. तीच फोर बाय फोरमध्ये १८.७९. फरक १ लाख ८० हजारांचा. १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला आपल्याकडे १४ टक्के रोड टॅक्स, म्हणजे २ लाख ६३ हजार. विमा आणि बाकीचं धरून गाडी दारात यायला साडेबावीसच्या आसपास लागतील. ऑटोमॅटिक फोर बाय फोर हवी तर २०.९९ लाख, आणि वीसची रेघ ओलांडली की टॅक्स १५ टक्क्यांवर जातो. तो नाद सोडला. १५ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी काढलं तर हप्ता २४ हजारांच्या वर, आणि नुसतं व्याज सव्वापाच लाख. हा आकडा लिहिल्यावर बराच वेळ पेन टेकवून बसलो.

हिला दाखवलं. ती म्हणाली, "परवडतंय का, हे नंतर बघू. लागते का, ते आधी सांग."

लागते का? वर्षातले आठ महिने नाही लागत. नाशिक ते घोटी हायवे आहे, घोटीहून बारीचा घाट चढून भंडारदऱ्याकडे जाणारा रस्ताही चांगला आहे. डांबर संपतं ते आमच्या पाड्याच्या फाट्यावर. तिथून घरापर्यंतची वाट म्हणजे खाली मुरूम आणि वर भाताच्या खाचरांतून वाहून आलेला चिकण गाळ. मध्ये ओढा. उन्हाळ्यात आमची छोटी गाडी थेट अंगणात जाते. आषाढ लागला की ती फाट्यावर लावायची आणि चपला हातात घेऊन पुढे चालायचं. मला चालता येतं. आईला येत नाही, तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. यंदा भाताच्या आवणीला ती पाड्यावर नव्हती. गावी शेती बघणाऱ्या तात्यांना फोनवरून विचारत होती, कुठल्या खाचरात इंद्रायणी लावली, रोपं पुरली का, बायका किती आल्या. फोन ठेवला की खिडकीशी जाऊन बसायची.

म्हणून हा सगळा हिशेब. मला डोंगर चढवायचे नाहीत, आईला पावसाळ्यात अंगणापर्यंत न्यायचं आहे.

२८ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष चालू आहे. आई म्हणाली, बघायला हरकत नाही, पण पैसे टेकवायचे नाहीत. मग तिलाच शोरूमला घेऊन गेलो.

चालवायला मिळाली ती मागच्या चाकांवरची ऑटोमॅटिक. इंजिनाबद्दल फार लिहित नाही, २.२ लिटरचं डिझेल आहे आणि ताकद भरपूर आहे. माझं लक्ष मागच्या दारावर होतं. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायचं तर पुढची सीट वाकवून आत शिरावं लागतं, म्हणून २०२० साली ती आली तेव्हा आमच्या घरात तिचा विचारही झाला नव्हता. रॉक्सला मागे स्वतंत्र दारं आहेत. आईनं आधी डावा पाय पायरीवर ठेवला, मग खांबावरचं हँडल धरलं, क्षणभर थांबून श्वास घेतला आणि उजवा गुडघा जास्त न वाकवता आत सरकली. उतरताना मात्र पायरी तिला उंच वाटली. तिनं माझा खांदा धरला. "एवढं जमेल," म्हणाली. या गाडीबद्दल आज जे जे ऐकलं, त्यात मला हेच सगळ्यात मोलाचं वाटलं.

आतलं कापड पांढरं आहे. आमच्या वाटेवरच्या तांबड्या चिखलाला पांढरी सीट म्हणजे जुलैतच गाडीची रया जायची. फोर बाय फोरमध्ये तपकिरी रंगाचा पर्याय देणार आहेत, तो घ्यायचा, मग त्यासाठी थोडं थांबावं लागलं तरी चालेल. कमी वेगात खड्ड्यांतून गाडी हलते, मागे जास्तच. आईला विचारलं, ती म्हणाली एसटीपेक्षा बरी.

रात्री तात्यांशी फोनवर बोललो. ते बराच वेळ ऐकून घेतात आणि मग एकच वाक्य बोलतात. आज म्हणाले, "तेवढ्या दोन लाखात मुरमाच्या ट्रॉल्या टाकू ना वाटेवर. सगळ्यांचंच काम होईल." त्यांचं म्हणणं अजिबात वावगं नाही. फोर बाय फोरसाठी जादा पडणारी रक्कम टॅक्ससकट दोन लाख पाच हजार होते, आणि तेवढ्यात पुष्कळ मुरूम येतो. पण तिथला पाऊस तात्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बाजूला गटार नसताना टाकलेला मुरूम एका श्रावणात ओढ्याला मिळतो. वाट भाऊबंदांच्या बांधांमधून जाते, गटार कोणाच्या खाचरातून काढायचं यावर बैठक बसली तर ती दिवाळीपर्यंत उठायची नाही.

१ ऑक्टोबर, मंगळवार

मागच्या चाकांवरची घेऊन टायर चांगले टाकले तर भागेल का? मित्र हेच म्हणतो आहे, आणि त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. चिखलात पहिलं काम टायरचं. टायरच्या खाचा गाळानं भरल्या की चार चाकं फिरली काय नि दोन फिरली काय.

पण आमची वाट ओढ्यापाशी तिरकी होते. एक चाक घट्ट मुरमावर, दुसरं गाळात, अशी गाडी उभी राहते. डावी-उजवी चाकं जोडणाऱ्या साध्या डिफरन्शिअलचा स्वभावच असा की गाळातलं चाक जेवढी पकड घेईल, तेवढाच जोर मुरमावरच्या चाकालाही मिळतो. मग एक चाक भणाणत राहतं आणि दुसरं जागचं हलत नाही. तात्यांच्या ट्रॅक्टरला डिफ लॉकचं पेडल आहे, ते दाबलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. आमच्याकडच्या दहा-बारा वर्षांच्या पोरालाही हे तंत्र ठाऊक असतं. रॉक्सच्या फोर बाय फोरमध्ये मागच्या ॲक्सलला तेच काम करणारं इलेक्ट्रॉनिक लॉक आहे, शिवाय फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर आहे. फोर लोमध्ये गाडी सावकाश, ॲक्सिलरेटर न रेटता चढते, आणि गाळात सावकाशीलाच किंमत आहे. हे बदलायचा दांडा घोटीच्या हायवेवर टू हायवरच, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर ठेवायचा. कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये, म्हणजे चारही चाकं जोडून, गाडी वळवली तर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि तो ताण पुढे-मागे जोर पोचवणाऱ्या ट्रान्सफर केसला सोसावा लागतो.

पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर लिहिली आहे. हा आकडा मी ओढ्यासाठी धरत नाही. आमचा ओढा वाहता असतो, आणि गुडघाभर वाहतं पाणीही गाडी बाजूला सरकवू शकतं. पाणी गढूळ आणि ओढीचं दिसलं तर अलीकडेच थांबायचं, मग गाडी कुठलीही असो. डिसेंबर २०२३ मध्ये लाहौलला चंद्रा नदीच्या पात्रातून कोणीतरी थार नेली, पोलिसांनी चलान फाडलं. ते पाहून मला राग आला होता, अजून येतो. नदी ही कोणाच्या हौसेची जागा नाही. आमच्या बाजूला कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, पावसाळ्यात तिथली कुरणं मऊ झालेली असतात, एका टायरचा चर पुढच्या पावसात ओहळ होतो. अशी गाडी घ्यायची तर वाट सोडायची नाही, हे मी स्वतःशी पक्कं केलं आहे.

दुसऱ्या गाड्याही बघितल्या. मारुतीची जिम्नी हलकी आहे आणि चिखलात हलकेपणासारखा गुण नाही, पण ती फक्त पेट्रोलमध्ये येते, आणि आम्ही पाच जण भाताच्या पोत्यासह तिच्यात मावणार नाही. फोर्सची पाच दारांची गुरखा मला मनापासून आवडते. पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सलना लॉक, २.६ लिटरचं डिझेल, किंमत १८ लाख. ओढ्याचाच विचार केला असता तर तिच्याकडेच गेलो असतो. पण वर्षभर नाशकात आईला दवाखान्यात न्यायची, मुलीला क्लासला सोडायची, आणि एअरबॅग दोनच. रॉक्समध्ये सगळ्या मॉडेलना सहा आहेत. तिथे माझं मन रॉक्सकडे झुकलं.

रॉक्सचं एक खटकतं. तीन दारांच्या थारपेक्षा दोन ॲक्सलमधलं अंतर ४०० मिलिमीटरनं वाढलं आहे, २८५० झालं आहे. आत जागा मिळाली ती त्यामुळेच, पण बांध ओलांडताना पोट टेकण्याची भीतीही त्यामुळेच. ओढ्याच्या अलीकडचा उंचवटा फावड्यानं उतरता करून घ्यावा लागेल. ते एका दिवसाचं काम आहे.

३ ऑक्टोबर, गुरुवार, घटस्थापना

सकाळी घट बसवले. अकराला बुकिंग सुरू झालं, आणि पहिल्या तासात १ लाख ७६ हजार २१८ जणांनी केलं म्हणे. ऑफिसात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. आकडा ऐकून पोटात गोळा आला, आता नंबर कधी लागायचा! पण घाईनं काही करायचं नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन वही पुन्हा उघडली, हिच्याबरोबर बसून प्रत्येक ओळ वाचली. मोठं पॅनोरॅमिक सनरूफ नको, १९ इंची चाकं तर नकोतच. १८ इंचीच्या टायरची भिंत उंच असते आणि दगडधोंड्यांत तीच उपयोगी पडते. एमएक्स५, फोर बाय फोर, मॅन्युअल. यातलं फोर बाय फोर कमी करायचं असेल तर गाडीच नको, छोटी आहे तीच वापरू, यावर दोघांचंही एकमत झालं.

२१ हजार भरले. रंग आईनं सांगितला, लाल.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

भारत एनकॅपचा, म्हणजे गाडी धडकवून घेतलेल्या सुरक्षा चाचणीचा, निकाल काल आला. पाच तारे. मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३१.०९, लहान मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी ४५. चाचणीत खालचं एमएक्स३ मॉडेलही होतं, त्यामुळे सुरक्षेसाठी महागाचं मॉडेल घ्यावं लागतं की काय, ही शंका मिटली.

गाडीची तारीख अजून मिळालेली नाही. पुढच्या आषाढाच्या आत आली तर पुरे, त्याआधीची घाई मला नाही. तात्यांनी ओढ्याजवळ सिमेंटचे दोन पाइप टाकायचं सुचवलं आहे, तेवढाच तुकडा आम्हा दोघांच्या खर्चानं. याला मी लगेच हो म्हणालो, पाइपांचा फायदा पाड्यातल्या सगळ्यांच्याच बैलगाड्यांना आणि मोटरसायकलींना होईल. डाऊन पेमेंटसाठी मुदत ठेव मोडावी की तिच्यावर कर्ज काढावं, ते सोमवारी बँकेत जाऊन विचारतो.